मोठ्या पार्सल कंपनीत व्हॅन ड्रायव्हर म्हणून लागायचंय, बॅच (ड्रायव्हरचा बिल्ला) लागतो का? गाडी कोणाची असते?

बार्शीचा_पप्या
नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसता वाचून जातो, आज पहिल्यांदाच धागा काढतोय, काय चुकलं तर सांभाळून घ्या. मी मूळचा बार्शीचा, वय २३, अडीच वर्षं झाली हडपसरला मामाकडं असतो. मामाचा छोटा हत्ती होता, पहाटे तीनला मार्केटयार्ड, तिथून कांदा बटाटा भरून मांजरी फुरसुंगी लोणी असं हॉटेलांना टाकत जायचं. आता मामाचे गुडघे गेले, त्यानं गाडी विकली, म्हणजे मी पण मोकळा.
वाघोलीच्या पुढं एका मोठ्या पार्सल कंपनीचं हब आहे, गेटवर फ्लेक्स लागलाय 'डिलिव्हरी ड्रायव्हर पाहिजेत, त्वरित भरती'. वॉचमननं नंबर दिला. फोन लावला तर पलीकडची मॅडम एका दमात बोलली, लायसन एलएमव्ही आहे का टीआर, बॅच आहे का, आधार पॅन लिंक आहे का, यूएएन आहे का, पीसीसी काढून देणार का. मी सगळ्याला हो हो म्हणलो आणि फोन ठेवल्यावर मामीला विचारलं पीसीसी म्हणजे काय, मामी म्हणली कॉलम भरायच्या आधी खाली टाकतात ते.
तर कोणी या लाईनीत असेल तर सांगा, माझ्याकडं साधं एलएमव्ही, म्हणजे हलक्या गाडीचं लायसन आहे चार वर्षांचं, त्यावर चालतं का, बॅच काढायला किती दिवस जातात, ट्रायल घेतात का, आणि मुख्य म्हणजे गाडी कंपनी देते का आपली लावायची, कारण आपली आता नाही.

चाकणचा_टेम्पो
मामी बांधकामाच्या हिशेबानं बरोबर आहेत हाहा. इथं पीसीसी म्हणजे पोलीस क्लिअरन्स, आपण चारित्र्य पडताळणीचा दाखला म्हणतो तोच. महाराष्ट्र पोलिसांच्या साइटवर ऑनलाइन अर्ज होतो, फी तिथंच भरायची, मग तुमच्या हद्दीतल्या पोलीस स्टेशनकडं जातो. पत्ता मामाचा असेल तर भाडेकराराऐवजी काय चालेल ते आधी चौकीत विचारून घे, माझा अर्ज नुसत्या पत्त्याच्या पुराव्यापायी दोनदा परत आला होता.
बॅचचं टेन्शन घेऊ नको. बॅच रिक्षा, टॅक्सी, बस, म्हणजे माणसं वाहायच्या गाडीला. मालाच्या गाडीला नाही लागत. भरतीवाल्या मुली एक छापील यादी वाचतात, त्यांना स्वतःला माहीत नसतं कुठलं कशाला.
यूएएन पीएफचा नंबर. आधी कुठं पीएफ कापला नसेल तर तुझा नसणारच, उमंग ॲपवर चेहरा दाखवून स्वतः काढता येतो. तेवढं कर, कारण कागद अपुरे म्हणून पगार एक महिना अडकवायला एक कारण कमी.

कोर्ट_कचेरी
लायसनबद्दल लिहितो कारण यात लोक उगाच एजंटला पैसे घालतात. मोटार वाहन कायदा १९८८ प्रमाणे वाहतुकीची, म्हणजे पिवळ्या पाटीची गाडी चालवायला २० वर्षं पूर्ण लागतात, ते तुमचं आहे. टीआरचा, म्हणजे ट्रान्सपोर्टचा वेगळा शिक्का एलएमव्ही लायसनवर लागतो का यावर वर्षानुवर्षं भांडणं चालली, अपघात झाला की विमा कंपनी म्हणायची ड्रायव्हरकडं टीआर नव्हता, आम्ही देणार नाही. २०१७ ला सुप्रीम कोर्टानं सांगितलं होतं की लागत नाही, पण त्यावर परत शंका काढली गेली, शेवटी पाच न्यायाधीशांच्या घटनापीठानं ६ नोव्हेंबर २०२४ ला तेच कायम केलं. ७५०० किलोच्या आतली गाडी असेल तर एलएमव्ही लायसनवर वाहतुकीची गाडी चालवता येते. छोटा हत्ती, बोलेरो पिकअप, पार्सलच्या बंद व्हॅन सगळं त्याच्या खूप आत आलं.
तरी एखादी कंपनी आपला नियम म्हणून टीआर मागू शकते. मागितला तर वाद घालू नका, आरटीओच्या सारथी पोर्टलवर अर्ज करून टाका, तुमचं लायसन वर्षाच्या वरचं आहे त्यामुळे अडचण नाही, मेडिकलचा फॉर्म तेवढा लागेल.

हबवाला
मी एका हबला शिफ्ट सुपरवायझर आहे, कंपनी कुठली ते विचारू नका. पप्या, तू शेवटी मुख्य म्हणून जे विचारलंस ना, गाडी कोणाची, ते पहिलं विचारायला पाहिजे होतं, बाकी लायसन बिसन दुय्यम आहे.
बघ, बाहेर फ्लेक्सवर कंपनीचं नाव असतं पण तुला घेणारा बहुतेक वेळा व्हेंडर, म्हणजे ठेकेदार असतो. शर्ट कंपनीचा, पगार व्हेंडरचा. व्हेंडरची गाडी, त्याचाच सीएनजी आणि तुला महिना पगार, असं असेल तर बरं. तुझी गाडी अटॅच कर, महिन्याला फिक्स देतो, सीएनजी टायर इन्शुरन्स फिटनेस तुझं, हे तुझ्या मामाला जमलं असतं, तुला आता गाडी कर्जावर घ्यायला लावतील. कर्ज काढून अटॅच करू नकोस, हात जोडून सांगतो, माझ्या डोळ्यासमोर तीन पोरांच्या गाड्या फायनान्सवाल्यांनी ओढून नेल्यात, दिवाळीत रूट होते म्हणून गाड्या घेतल्या आणि जानेवारीत रूट अर्धे झाले. आणि पार्सलवर पैसे, पर पीस, ते दुचाकीला जास्त चालतं पण व्हॅनला पण सुरू केलंय आता काहींनी. त्यात पार्सल द्यायला गेलास आणि गिऱ्हाईक घरात नसलं की तुझी फेरी फुकट.
आणि भरती कधी चाललीये ते बघ. ऑगस्टपासून दसरा दिवाळीपर्यंत कोणालाही घेतात. तेव्हा घेतलेल्यातले निम्मे दिवाळी झाली की घरी. म्हणून लेटरवर तारीख कुठपर्यंतची आहे ते वाच.

ससाणेनगर_ताई
पप्या भाऊ मी तुमच्याच भागात ई-तीनचाकी चालवते पार्सलचीच, दीड वर्ष झालं. हबवाले दादा म्हणतात ते शंभर टक्के. मला घेताना पगार म्हणून घेतलं, दोन महिन्यांनी म्हणाले ताई आता पर पीस, जास्त कमवाल. पहिला आठवडा खरंच जास्त आले, मग माझा पिनकोड बदलला, नवीन भागात एका सोसायटीतून दुसरीत जायला वीस मिनिटं, दिवसाला चाळीस पण होईनात.
अजून एक कोणी सांगणार नाही ते सांगते. मुताऱ्या. हबला बायकांसाठी वेगळं आहे का ते मी पहिल्या दिवशी बघून आले होते, रूटवर काय करणार हे पण. तुम्ही पुरुष आहात तरी पाण्याची बाटली आणि जेवायची जागा ठरवून ठेवा, दुपारी उन्हात गाडीत डबा खाल्ला की आंबतो.

चाकणचा_टेम्पो
ताई सोसायटीवाले लिफ्ट वापरू देतात का तुमच्याकडं? आमच्याकडं एका टॉवरला डिलिव्हरीवाल्यांना मागची सामानाची लिफ्ट, ती बंद असली की जिना. बारावा मजला, वीस किलोचं कुत्र्याचं खाद्य.

ससाणेनगर_ताई
दहा किलोच्या वर असलं की मी गेटवरूनच फोन करते, खाली या म्हणते. येतात बिचारे.

अण्णा_इंदापूर
मी जरा वेगळं लिहितो, लाज वाटते पण लिहितो. मार्चमध्ये मला पण अशीच नोकरी लागली होती. म्हणजे व्हॉट्सॲपवर ऑफर लेटर आलं, कंपनीचा लोगो, सही शिक्का सगळं, आणि युनिफॉर्म आणि पार्सल स्कॅन करायच्या हँडहेल्ड मशीनचं डिपॉझिट ४५०० रुपये, परत मिळणारं. भरले. मग ट्रेनिंगचे १८००. ते पण भरले. मग नंबर बंद. हबच्या गेटवर गेलो लेटर घेऊन, वॉचमन म्हणाला या आठवड्यात तुम्ही सहावे.
बँकेला फोन करण्यात माझा एक दिवस गेला. नंतर कळलं की १९३० नंबर असतो सायबरचा, लगेच केला असता तर कदाचित पैसे अडवता आले असते. पप्या तू निदान प्रत्यक्ष फ्लेक्स बघितलास आणि हब तिथं आहे, तरी सांगतो, कामाला लावायला जो पैसे मागतो तो कामाला लावत नसतो.

बार्शीचा_पप्या
अण्णा बरं झालं लिहिलंत, मॅडमनी काल डिपॉझिटचा विषय काढलाच होता, मी पगारातून कापा म्हणालो तर गप बसल्या.
आज जाऊन आलो!! सांगतो सगळं, लांबड लागेल.
सकाळी नऊला बोलावलं होतं, आम्ही अकरा जण. आधी कागद बघितले, मग एका पत्र्याच्या केबिनमध्ये एकेकाला आत. मॅनेजर माझ्यापेक्षा दोनतीन वर्षांनीच मोठा असेल. पहिला प्रश्न, ४११०२८ कुठलं? मी म्हणालो हडपसर. ४११०१४? इथं अडकलो, विमाननगर म्हणालो, तो म्हणाला बरोबर पण खराडी पण त्यातच येतं, आणि वाघोली? ते मला पाठ होतं कारण गेटवरच्या पाटीवर वाचून आत गेलो होतो, ४१२२०७. खुश झाला.
मग म्हणाला, तुझ्या रूटला आरटीओ जास्त आहे, काय करशील? मी म्हणालो सर गाडीचे कागद क्लिअर असतील आणि लायसन जवळ असेल तर आरटीओ काय करणार आपल्याला. तो हसायला लागला, शेजारच्या मॅडम पण. मला काय कळेना. मग त्यांनी सांगितलं, इथं आरटीओ म्हणजे रिटर्न टू ओरिजिन, गिऱ्हाइकानं घेतलं नाही म्हणून परत पाठवायचं पार्सल. अडीच वर्षं आरटीओ म्हणलं की पोटात गोळा यायचा, तो शब्द इथं निराळाच निघाला.
मग ट्रायल. मला वाटलं रोडला नेतील. रोड नाहीच. हबच्या मागं गाड्या लावायचे डॉक आहेत, दोन पिकअपच्या मधे एक गाडीभर जागा, तिथं बंद बॉडीची व्हॅन रिव्हर्स लावून दाखवायची. छोट्या हत्तीला मागनं उघडं असतं, मान वळवली की दिसतं. ह्याला मागं नुसता पत्रा, आतल्या आरशात स्वतःचंच तोंड. पहिल्यांदा डाव्या आरशावर गेलो आणि उजवीकडचा पिकअपवाला बोंबलला. उतरलो, जागा चालून बघितली, परत बसलो, दुसऱ्यांदा बसली गाडी. वाटलं गेलं काम. पण तो सुपरवायझर म्हणाला उतरून बघितलंस म्हणून पास, नऊ जणांतला एकच उतरला.
आता थांबायला सांगितलंय. पगार विचारला, ग्रॉस २०,५०० म्हणाले. हातात किती पडतील?

हबवाला
उतरून बघितलंस हे मी पण बघतो पोरांत. गाडी ठोकणारा हमखास तोच असतो जो न उतरता हो येतंय येतंय करतो.
हातात साधारण साडेअठरा. बेसिक १३ हजार धरला तर पीएफ १२ टक्क्यांनी १५६० गेला, ईएसआयसी, म्हणजे कामगार विमा, पाऊण टक्का म्हणजे दीडशेच्या आसपास, व्यवसाय कर २००. ग्रॉस २१ हजारांच्या आत आहे म्हणून ईएसआयसी लागतो आणि तो लागू दे, कापतात म्हणून कुरकुर करू नको, हात मोडला तर तोच कामाला येतो. दुसऱ्या महिन्यात पीएफ खरंच भरलाय का ते पासबुकात बघ. स्लिपवर कापलेला आणि खात्यात न आलेला पीएफ मी बघितलाय.
लेटर कोणाच्या नावानं येतंय ते इथं लिही, नाव नको, कंपनी का व्हेंडर एवढंच.

कोर्ट_कचेरी
पर पीसवाल्यांसाठी जाता जाता. २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता लागू झालीये, त्यात गिग आणि प्लॅटफॉर्म कामगार, म्हणजे ॲपवरून सुटं काम घेणारे, पहिल्यांदा कायद्यात आले, आणि ज्या धंद्यांची यादी आहे त्यात लॉजिस्टिक्स पण आहे. ॲपवाल्या कंपन्यांनी उलाढालीच्या १ ते २ टक्के निधीत द्यायचे असं आहे. प्रत्यक्ष हातात काय येईल ते येईल, पण सरकारच्या ई-श्रम पोर्टलवर नोंदणी करून ठेवा ताई, फुकट आहे.

ससाणेनगर_ताई
ई-श्रम कार्ड आहे माझं, नवऱ्यानं काढलं होतं लॉकडाऊननंतर. पाकिटात आहे. पाकिटातच आहे.

एडिसनचा_नाना
धागा वाचून राहवलं नाही. मी न्यू जर्सीत, माझा मेव्हणा इथं यूपीएसला आहे, ते तपकिरी ट्रक. इथं उलटी तऱ्हा, ड्रायव्हर म्हणून थेट घेतात पण बहुतेक जण आधी आत रात्री पार्सल चढवायला लागतात आणि सिनिऑरिटीनं नंबर लागेपर्यंत वाट बघतात, ह्यानं तीन वर्षं बघितली. पण एकदा ट्रक मिळाला की कंपनीचा ट्रक, कंपनीचं डिझेल, आणि टीमस्टर्सची युनियन पाठीशी. २०२३ ला तीन लाख चाळीस हजार कामगारांचा संप होता होता राहिला आणि पाच वर्षांचा करार झाला, त्याच्या शेवटी पूर्णवेळ ड्रायव्हरला सरासरी ताशी ४९ डॉलर. त्याच करारात नवीन ट्रकला एसी द्यायचं कबूल केलं, म्हणजे तोवर नव्हता! उन्हाळ्यात मागचा पत्रा तापून हा घरी आला की टबमध्ये बर्फ टाकून बसायचा.
आणि गंमत, त्यांचा रूट असा आखतात की डावीकडं वळायला लागू नये, इथं गाड्या उजव्या बाजूनं चालतात, डावीकडं वळताना समोरची वाहतूक ओलांडण्यात वेळ जातो म्हणून. आपल्याकडं तसं करायचं तर उजवं वळण टाळायला लागेल.

चाकणचा_टेम्पो
नाना आमच्याकडं उजवं वळण पोलीसच टाळतात, बॅरिकेड लावून. दोन किलोमीटर पुढं जाऊन यू टर्न.

बार्शीचा_पप्या
लागलो! लेटर व्हेंडरच्या नावाचं आहे, गाडी आणि सीएनजी त्याचा, अकरा महिन्यांचं. डिपॉझिट नाही घेतलं. टीआर शेवटी मागितला नाहीच. पीसीसी यायचाय, पावती दाखवली तर चालली. यूएएन टेम्पोदादांनी सांगितलं तसा काढला, मामीनं मोबाईल धरला आणि मी डोळे मिचकावले.
दोन दिवस एका जुन्या ड्रायव्हरबरोबर बसवलं, काका आहेत, तोंडात सतत बडीशेप. पहिलं शिकवलं ते गाडी भरणं. मी आपला हाताला येईल ते उचलून आत ठेवत होतो, काकांनी सगळं बाहेर काढायला लावलं. शेवटचं घर आधी भरायचं म्हणाले, म्हणजे ते आत तळाला जातं आणि पहिलं घर दाराशी येतं. रनशीट, म्हणजे त्या दिवसाच्या घरांची यादी, उलटी वाचत भरायची. मांजरी बुद्रुक आत, मग मगरपट्टा, मग हडपसर गाव दाराला. दुसरं, फाटलेला नाहीतर ओला खोका दिसला की हबमध्येच फोटो काढून डॅमेज स्कॅन करून घ्यायचा, बाहेर पडल्यावर तो तुझ्या नावावर. तिसरं, ओटीपी आल्याशिवाय पार्सल हातातून सोडायचं नाही, कितीही ओळखीचं घर असलं तरी.
काल एकटा गेलो. ७४ पार्सल, ६१ दिली, १३ परत. त्यात एक आजी, मोबाईल मुलाकडं, मुलगा ऑफिसात, ओटीपी येईना, मी पायरीवर पंधरा मिनिटं, आजींनी तोवर चहा केला, गाडी रस्त्यात उभी, मागनं पीएमपीएमएलचा बसवाला हॉर्न देतोय. चहा तसाच ठेवून पळालो. पार्सल परत आणलं. आज परत गेलो तर आजी म्हणाल्या काल चहा टाकून गेलास, आता बस.
एक अडचण आहे. काल कॅश ऑन डिलिव्हरीमध्ये कोणीतरी २०० ची नोट दिली, मधून चिकटपट्टी लावलेली. संध्याकाळी हबचा कॅशियर घेत नाही म्हणला, माझ्या खिशातनं भरले. ती माझ्याकडंच आहे. कुठं चालेल?

हबवाला
कुठल्याही बँकेच्या शाखेत दे, फाटकी नोट बदलून द्यायला लागते त्यांना, खातं नसलं तरी. दोन्ही तुकडे एकाच नोटेचे आहेत ना ते आधी बघ, दोन वेगळ्या नोटांचे अर्धे जोडून देणारे पण महाभाग आहेत. आणि उद्यापासून पार्सल पायरीवर ठेवायच्या आधी नोट उजेडाला धर.

बार्शीचा_पप्या
बघितलं. नंबर वेगवेगळे आहेत राव.